मोवरची लिफ्ट: पॅडल नंतर बघा, आधी खटका बघा

पाचातले साडेतीन तारे. त्या साडेतीनातले दोन एकट्या खटक्याला, म्हणजे वर गेलेलं मशीन अडवून धरणाऱ्या लोखंडी अडसराला, दिलेत. घ्यावी का नको एवढंच ज्यांना हवंय त्यांनी खुशाल घ्यावी. पण शेडात सिमेंटचा कोबा नसेल तर खाली जमिनीचं लिहिलंय ते आधी वाचा, मग पैशाला हात घाला.

वस्तू अशी आहे. बसून चालवायचं गवत कापणीचं मशीन पुढून उचलून धरणारी, पायाने पॅडल मारायची हायड्रॉलिक लिफ्ट. पुढची दोन चाकं दोन पाळण्यांत बसतात, पॅडल मारत गेलं की मशीनचं तोंड वर जातं, मागची चाकं जमिनीवरच राहतात. परदेशी बनावटीची, ऑनलाइन मागवली, घरपोच साडेएकोणीस हजारांना पडली. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच घडणीच्या लिफ्ट वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत, फरक रंगाचा आणि स्टिकरचा. मी जे सांगतेय ते बघून तुम्हाला समोरची कुठलीही तपासता येईल.

आमचं घर कोल्हापूरला, कसबा बावड्याहून शियेला जाणाऱ्या रस्त्यालगत. घराला लागून लॉन आहे, ते लग्नकार्याला देतो, आणि कडेला माझी रोपवाटिका. लॉन मोठं म्हणून दिरांनी पुण्याकडच्या एका रिसॉर्टने विकायला काढलेलं मशीन आणलं. 42 इंची डेक, म्हणजे पोटाखालचं पत्र्याचं टोपण, त्याच्या आत दोन पाती, हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर बदलायची भानगड नाही. माणूस न बसता वजन दोनशे किलोच्या आसपास. चालवायला घरात सगळे पुढे असतात. पोटाखाली हात घालायला मी आणि आमचा माळी, दोघंच.

हात घालावा लागतो त्याला एक कारण पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गवत सुकायची वाट बघत बसलं तर ते गुडघ्याला येतं, त्यामुळे ओलंच कापावं लागतं. ओलं गवत डेकच्या आतून थापून बसतं, वाळलं की खरवडल्याशिवाय निघत नाही, आणि त्याच्याखाली पत्रा निवांत गंजत राहतो. डेकवर नळी लावून धुवायचं तोंड दिलेलं आहे. त्याने त्याच दिवसाचं गवत निघतं, जुना थर हलत नाही.

दुसरं कारण लग्नं. तुळशीचं लग्न झालं की आमचे मुहूर्त सुरू, आणि मांडव उतरला की लॉनमध्ये खिळे, सुतळी, थर्माकोल आणि फुलांच्या कमानीची बारीक तार. पोरं लावून वेचून घेतो, तरी उरतंच. खिळ्याने पात्याला खाच पडते, ती दिसते तरी. तार दिसतच नाही. ती पात्याच्या वरच्या दांड्याला गुंडाळते, हळूहळू बेअरिंगच्या सीलमध्ये शिरते आणि कधीतरी घरघर सुरू झाली की कळतं. मग बेअरिंग बदला. ती तार वेळेवर काढायची तर मशीनखाली डोकं घालावंच लागतं, आणि डोकं घालायचं तर वरचं वजन नक्की कशावर टेकलंय हे घालणाऱ्याला माहीत पाहिजे.

लिफ्ट यायच्या आधीचे उपाय थोडक्यात सांगते, कारण ते अजूनही सगळीकडे चालतात. सर्व्हिसिंगला आलेल्या एका मिस्त्रीने चार माणसं लावून मशीन सरळ कुशीवर पाडलं, आणि तेही कार्ब्युरेटरची बाजू खाली करून. ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरलं, टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळलं, आणि चालू केल्यावर असा पांढरा धूर निघाला की शेजारचे बघायला आले. फिल्टर फेकून द्यावा लागला. असलं इंजिन कलतं करायचंच तर स्पार्क प्लग वरच्या बाजूला राहिला पाहिजे. पुढे इंजिन असलेल्या बहुतेक मशीनमध्ये प्लगचं तोंड पुढे असतं, म्हणून पुढून उचलणं हीच त्यातल्या त्यात बिनधोक दिशा.

सासऱ्यांचं म्हणणं होतं, शेडच्या कैचीला, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्याला, चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) टांगू. चेन ब्लॉक घरात होता, कैचीही होती. मी म्हटलं, "मामा, ही कैची पत्रं आणि वारं धरायला केलीय, मधे लोंबकळणारं मशीन धरायला नाही." ते थोडे नाराज झाले. चेन ब्लॉकवर टनाचा आकडा लिहिलेला असतो, वरच्या अँगलवर काहीच लिहिलेलं नसतं. आणि साखळीला टांगलेलं मशीन झुलतं, झुलत्या मशीनचा बोल्ट सोडवायला जोर लावता येत नाही.

मग लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेला 2 टनी ट्रॉली जॅक. हा सगळ्यांकडे असतो आणि सगळ्यांना वाटतं की झालं काम. 2 टन म्हणजे आमच्या मशीनच्या दहापट, ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो जॅकची ताटली टेकवायची कुठे याचा. डेकला टेकवाल तर तो दाबून काढलेला पत्रा आहे आणि चार दांड्यांवर लोंबतोय, वाकतो. पुढच्या एक्सलला टेकवाल तर तो मधल्या एका पिनवर झुलणारा असतो, खड्ड्यातून जाताना दोन्ही चाकं जमिनीला राहावीत म्हणून. मधोमध जॅक लावला की एक्सल ताटलीवर डावी-उजवीकडे डुलतो. एका बाजूला घोडी, म्हणजे टेकणाचा स्टँड, दिली की दुसरी बाजू खाली झुकते. शिवाय आमचा जॅक वरपर्यंत नेला तरी फूटभरच उचलतो, म्हणजे पाठीवर झोपून, तोंडावर गवताचा भुगा घेत काम. जॅक वाईट नाही. पंक्चर काढायला उत्तम, अजून तोच वापरतो.

आता लिफ्ट.

खोकं आलं तेव्हा आत सगळे सुटे भाग आणि एक पत्रिका. चित्रं बरी, मजकूर दिव्य. एक पिन कमी होती. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तरं गोड आली, पिन काही आली नाही. शेवटी उद्यमनगरात, म्हणजे इथल्या वर्कशॉपच्या वस्तीत, लेथवर करून घेतली. बोल्टच्या डोक्यावर ग्रेडचा आकडाच नव्हता आणि नट साधे. तेही बदलले: डोक्यावर 8.8 हा ग्रेड असलेले बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, सहजी ढिले न होणारे. खर्च किरकोळ, पण हा खर्च लिफ्टच्या किमतीत धरून चाला. ज्या नटाला रोज वर-खाली होणारी हालचाल सोसायचीय तो साधा नट चार महिन्यांत ढिला होणार, त्यात शंका नाही. अर्धा तारा इथे कापला.

जोडणी दीड-दोन तासांचं काम. पाळण्यांची रुंदी मशीनच्या पुढच्या चाकांप्रमाणे कमी-जास्त होते, ही सोय चांगली. चाक पाळण्यात पूर्ण बसलं पाहिजे, कडेवर चढून राहिलेलं चालणार नाही.

वजनाच्या आकड्याबद्दल. खोक्यावर 500 पाउंड लिहिलं होतं, म्हणजे 227 किलो. आमचं मशीन दोनशेच्या आसपास, म्हणून माळी म्हणाला, "वैनी, काठावरच हाय की." तसं नाही. ही लिफ्ट पूर्ण मशीन उचलत नाही, फक्त पुढचा भार घेते, उरलेला मागच्या चाकांवरच असतो. आमच्या मशीनचा पुढचा भार निम्म्याहून कमीच भरतो, आणि तोंड जसं वर जातं तसं वजन आणखी मागे सरकतं. त्यामुळे आकडा जवळचा दिसला तरी सिलिंडरवर ताण कमी असतो. पण विकणारा जो आकडा सांगतो तो अख्ख्या मशीनचा की फक्त पुढच्या भाराचा, हे विचारून घ्या. पुढच्या भाराचा असेल तर चांगलंच. काहीच सांगता येत नसेल तर अख्ख्या मशीनचा धरा. आणि सीटवर माणूस बसवून कधीही उचलू नका. आमच्याकडे पाहुण्यांच्या पोराला तोच हट्ट होता.

पॅडल हलकं आहे. माझं वजन काही फार नाही, तरी आरामात वर जातं. इथपर्यंत सगळ्याच लिफ्ट सारख्या. इथून पुढे खटका.

उभ्या खांबाच्या मागच्या बाजूला खाचांची पट्टी आहे आणि तिच्यावर स्प्रिंगचा खटका. मशीन वर जाताना तो एकेका खाचेवरून टक-टक करत जातो. हा आवाज ऐकून माणसाला वाटतं, अडकलं. अडकलेलं नसतं. त्या क्षणी वजन अजून हायड्रॉलिकवर असतं, खटका नुसता खाचेच्या तोंडाशी टेकलेला असतो. हवं तेवढं वर नेल्यावर रिलीज, म्हणजे मशीन खाली उतरवायचा व्हॉल्व्ह, थोडा सोडायचा, मशीन बोटभर खाली येतं आणि 'खट्ट' असा एकच जड आवाज होतो. तो आवाज म्हणजे वजन पोलादावर बसलं. खात्री करायची तर रिलीज पूर्ण उघडा. मशीन जागचं हललं नाही आणि पॅडल पायाखाली ढिलं पडलं, तर भार खटक्यावर आहे. खाली यायला लागलं तर रिलीज बंद करा आणि पुन्हा पॅडल मारा. हे सगळं बाजूला उभं राहून करायचं, खाली कोणाचा हातही नसताना.

माळ्याला हे एकदा दाखवलं, तेव्हापासून तो माझ्यापेक्षा कडक झालाय. मी पाना घेऊन वाकले की मागून येतंच, "थांबा वैनी, ह्यो खटका अजून बसला न्हाई बगा."

हायड्रॉलिकवर भरवसा का नाही, ते आम्ही करून बघितलं. खाली कोणी जाणार नाही अशी शेडला कुलूप लावून सोय केली, खटका दोरीने मागे ओढून ठेवला, खांबावर खडूने रेघ मारली आणि मशीन रात्रभर फक्त सिलिंडरवर उभं ठेवलं. सकाळी रेघेपासून दोन बोटं खाली. नवी कोरी लिफ्ट, कुठे तेलाचा थेंब सांडलेला नाही, तरी दोन बोटं. व्हॉल्व्हमधून तेल आतल्या आत परत जातं, बाहेर दिसत नाही. दुसऱ्या रात्री खटका बसवून तसंच ठेवलं, रेघ जिथल्या तिथे. दोन बोटांनी कोणी मरत नाही हे खरं, पण सील एकदम गेलं तर दोन बोटांवर थांबणार नाही.

म्हणून दुकानात किंवा व्हिडिओत लिफ्ट बघताना पॅडल किती मऊ आहे ते बघू नका. खटका किती जाड आहे, स्प्रिंग तुटली तरी तो आपल्या वजनाने खाचेत पडतो की नाही, खाचा कापलेल्या आहेत की नुसत्या वेल्डिंगच्या गाठी, ते बघा. काही स्वस्त लिफ्टना खटकाच नसतो, नुसती आरपार घालायची पिन असते. पिन चालते, पण ती घालायला आठवण लागते. खटका आपोआप पडतो. ज्याला दोन्ही नाही ती लिफ्ट म्हणजे महागडा जॅक.

आता जमिनीचं. हे पत्रिकेत एका ओळीत होतं, 'सपाट पृष्ठभागावर वापरा'. त्या ओळीमागचं कारण लिहायला हवं होतं. मशीनचं तोंड मागच्या चाकांभोवती वर्तुळात वर जातं. आमच्या मशीनच्या पुढच्या-मागच्या चाकांत सव्वा मीटरच्या आतलं अंतर आहे. पुढचं चाक अर्धा मीटर वर गेलं की मशीन साधारण 25 अंशांत कलतं आणि पुढचं चाक दहा-अकरा सेंटिमीटर मागच्या चाकाकडे सरकतं. लिफ्टचा खांब उभा आहे, म्हणजे तेवढंच अंतर लिफ्टलाच मशीनकडे गडगडत जावं लागतं. त्यासाठी तिच्या बुडाला छोटी चाकं आहेत. ती चाकं फिरली नाहीत, दोन पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात रुतली, तर खांब तिरका ओढला जातो आणि पाळणा चाकाखालून निसटायला बघतो. आमच्या पोर्चमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. तिथे रिकाम्या लिफ्टचीच चाकं सांध्यात अडकत होती, मशीन घालायचा प्रश्नच आला नाही. गवतावर किंवा मुरमावर तर नावच घेऊ नका.

शेडात कोबा आहे म्हणून आमचं निभावलं. तो कोबासुद्धा नदीची देणगी. 2021 च्या जुलैत पंचगंगा शेडात आली, पाणी ओसरल्यावर शहाबादी फरशीखालचा भराव बसला आणि निम्म्या फरश्या तडकल्या. त्या उपटून सरळ कोबा घातला, दाराकडे अगदी थोडा उतार देऊन. लिफ्ट वापरताना मशीन त्या उताराला आडवं लावतो, म्हणजे पुढे किंवा मागे गडगडायला ओढ राहत नाही. कोबा नसेल तर 18 मिमीचं अखंड प्लायवूड लिफ्टखाली आणि मशीनखाली मिळून टाकून चालेल. पाट्या जुळवून टाकू नका, सांधा तो सांधाच.

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, पुढून आणि मागून दोन्हीकडे. पार्किंग ब्रेक आहे की, असं म्हणणारे भेटतात. ब्रेक लावलेला असला की मागचं चाक मशीनच्या अंगाशी बांधलं जातं, मग तोंड वर जाताना चाकही तेवढंच मागे फिरायला बघतं. म्हणून मागचा ठोकळा घट्ट ठोकलेला हवा, नुसता टेकवलेला नको. हायड्रोस्टॅटिक मशीनला ढकलत न्यायची एक दांडी मागे असते, ती ओढलेली राहिली तर गिअरबॉक्सची अडवणूक संपते. ती आत ढकललीय ना, ते बघून मग पॅडलला पाय लावा.

पेट्रोल. आमची टाकी सीटखाली मागे आहे, म्हणजे तोंड वर गेलं की टाकी सगळ्यात खालच्या अंगाला. भरलेली असेल तर झाकणाच्या श्वासाच्या भोकातून पाझरतं. पावभर पेट्रोल असतानाच उचलायचं, कॉक बंद करायचा, आणि शेडात तेव्हा ग्राइंडर चालवायचा नाही. मी पाती काढून बाहेर अंगणात नेते. प्लगची कॅप काढून बाजूला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली. पातं हाताने फिरवलं की काही मशीनमध्ये पट्ट्यातून इंजिनही फिरतं, गरम इंजिन एखादा ठोका घेऊही शकतं. बॅटरी पाणी घालायची जुन्या प्रकारची असेल तर ती उचलण्याआधी काढूनच ठेवा, ॲसिड सांडतं.

एवढं झाल्यावर मात्र काम करायला सुख आहे. झोपावं लागत नाही, छोट्या स्टुलावर बसून अख्खा डेक समोर दिसतो. प्लास्टिकच्या उलथन्याने गवत खरवडायचं, लोखंडी वापरलं तर रंग निघतो आणि गंजाला वाट मिळते. पात्याचा नट आमच्याकडच्या एकाही पान्याला नीट बसेना, कारण माप इंचात, 15/16. ते 23.8 मिमी होतं, 24 चा सॉकेट किंचित ढिला पण चालतो, मात्र सहाकोनी घ्या, बाराकोनी नट घासतो. पातं फिरू नये म्हणून डेक आणि पातं यांच्यात लाकडाचा ठोकळा, आणि रॉड नेहमी आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. नट सुटला की ढकलणाऱ्याची बोटं थेट दुसऱ्या पात्यावर जातात. हातमोजे घालाच.

धारेचं जाता जाता. आमच्या भागात कोयत्याला धार लावणारे उत्तम कारागीर आहेत, ऊसतोडीचा मुलूख आहे. त्यांच्याकडे पातं दिलं की ते कोयत्यासारखीच पातळ धार काढून देतात. मोवरच्या पात्याला ती नको, पहिल्या खड्यालाच दुमडते. मूळचा उतार ठेवून कानस मारायची, बस. मग मधल्या भोकात खिळा घालून भिंतीला टांगा. एक टोक खाली गेलं तर त्या टोकाची पाठ अजून घासा. तोल गेलेलं पातं बेअरिंग खातं, ते तारेपेक्षा लवकर.

लिफ्टच्या जोडीला दोन घोड्या मी करून घेतल्या, आणि माझ्या मते हा खर्च लिफ्टइतकाच महत्त्वाचा. यंत्रांचे नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या या गावात उद्यमनगरात काय होत नाही! एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनचा फोटो आणि मापं घेऊन गेले. मिस्त्रींनी आधी एवढंच विचारलं, "ताई, टेकणार कुठं?" हा प्रश्न लिफ्टवाल्याने विचारला नव्हता. मशीन वर असताना चासीच्या दोन पट्ट्यांखाली जिथे सपाट जागा मिळते तिथपर्यंतची उंची आणि तिथला कल मी मोजून नेला होता. त्यांनी 50 बाय 50 च्या 3 मिमी बॉक्स पाइपच्या दोन घोड्या केल्या. बूड रुंद, वर चासीच्या कलाला जुळेल असा तिरका 'यू', त्यात रबराचा तुकडा. आम्ही लिफ्ट नेहमी त्याच खाचेला थांबवतो, म्हणजे घोड्या बरोबर बसतात. वजन खटक्यावरच असतं, घोड्या नुसत्या स्पर्शाला लागून उभ्या. खटक्याचं काही झालंच तर मशीन दोन बोटंसुद्धा येऊ नये, एवढंच त्यांचं काम. दोन्ही मिळून अडीच हजार झाले. पाच तारे यांना.

लिफ्ट काय करत नाही, तेही लिहिते. मागची बाजू उचलत नाही. मागचं चाक, गिअरबॉक्सचा पट्टा यासाठी जॅकच, आणि तिथे आणखी जपायचं, कारण मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं की ब्रेकवर विसंबता येत नाही. तेव्हा ठोकळे पुढच्या चाकांना. ज्या मशीनची पुढची चाकं खुर्चीच्या चाकांसारखी गरगर फिरतात, झिरो-टर्न म्हणतात ती, त्यांची चाकं या पाळण्यांत नीट बसतात की नाही ते विकणाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय मागवू नका. उंचीही बेताची. ज्यांना डेकखाली उभं राहायचंय त्यांनी खड्डाच खणावा.

आणि ज्यांचं लॉन लहान आहे, वर्षातून एकदा-दोनदाच पाती काढायची आहेत, त्यांनी साडेएकोणीस हजार घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत. बहुतेक मशीनचा डेक चार-पाच पिना आणि पट्टा काढला की बाजूने सरकवून बाहेर येतो. मशीन उचलायचंच नाही. डेक एकटा उलटा करायला दोन माणसं पुरतात, वर काही लोंबत नाही. माहितीपुस्तिकेत डेक काढायचं पान शोधा, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. आम्हाला ते परवडत नाही, कारण हंगामात मांडव उतरला की तार बघावीच लागते आणि दर वेळी डेक काढून पुन्हा समपातळीला लावत बसायला वेळ नसतो.

जागेचा मुद्दा: घडी घालून भिंतीला उभी राहते, झाडूएवढी नाही पण सायकलपेक्षा कमी जागा खाते. नदी 39 फुटांच्या इशारा पातळीवर आली की मशीन ट्रॉलीत चढवून दिरांच्या गावाकडे पाठवतो, तेव्हा लिफ्टही वरच जाते. पाण्यात बुडालेल्या सिलिंडरचा दांडा गंजला तर तो सीलच कापतो.

सुट्या भागांचं सांगून थांबते. विकणाऱ्याकडे सील किट मिळत नाही, विचारून झालं. सिलिंडरवर माप कोरलेलं नाही, म्हणून आम्ही तो उघडून दांड्याचं आणि बोअरचं माप व्हर्निअरने घेतलं. त्या मापाची सीलं उद्यमनगरातल्या हायड्रॉलिकच्या दुकानात लगेच मिळाली, एक जोड घरात आणून ठेवलाय. तुमचीही लिफ्ट आली की नवी असतानाच मापं लिहून, दांडीवर रंगाने टाकून ठेवा. तेल साधं हायड्रॉलिक, 32 नंबरचं चालतं. ब्रेक ऑइल घालू नका, त्या सीलचं रबर त्याने फुगतं.